ठिपक्याचं पाणी

त्या लॅबमध्ये नेलपॉलिशचे ठिपके दोनच ठिकाणी होते: खडे तपासायच्या बाटल्यांच्या टोपणांवर आणि माझ्या पाणी प्यायच्या गिलासावर. रंग एकच, गडद लाल. नेलपॉलिशची बाटलीही एकच, काकांच्या खणातली.

लॅब म्हणजे जबलपूरच्या सराफ्यातल्या एका जुन्या मराठी घराच्या दागिन्यांच्या दुकानावरची खोली. मालकीण विधवा होत्या, सगळे त्यांना वहिनीजी म्हणत. वरच्या खोलीत बसायचे ते त्यांचे चुलत दीर, त्यांना सगळे काका म्हणत. लग्न केलेलं नाही, सत्तरी उलटलेली, जेवणं-झोपणं वहिनीजींच्याच घरी. काका कॉलेजात कधी गेले नव्हते, पण तपासणीच्या पर्चीवर सही त्यांचीच चालायची. खडा खरा की खोटा, ते त्या सहीवर ठरायचं. त्या घरात त्यांचं ताट मांडलं जायचं तेही त्या सहीवरच, हे मला नंतर कळलं.

मी तिथे लागले ती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून, वर रत्नपरीक्षेचा कोर्स करून. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी कुठेही, न विचारता सांगते. आम्ही बौद्ध, आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, बाबा इथल्या फॅक्टरीत मशिनवर उभे राहून रिटायर झाले. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी महाराजपुरच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, येणाऱ्याला आधी तेच दिसतं.

पहिल्या दिवशी मी बाटल्यांची पेटी उघडायला गेले तर काका खुर्चीवरूनच ओरडले, "ए! पाण्याला हात नाही लावायचा!"

माझा हात तिथेच थांबला. आमच्या घरात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग कळलं की काका तपासणीच्या द्रवांना 'पाणी' म्हणतात. हलकं पाणी, मधलं पाणी, भारी पाणी. तिन्ही दिसायला पाण्यासारखीच, किंचित पिवळट, पण साध्या पाण्याच्या अडीच-तीनपट जड. खडा आत सोडायचा. द्रवापेक्षा जड असेल तर तळाला जातो, हलका असेल तर वर तरंगतो, बरोबरीचा असेल तर मधोमध लटकतो. कोणत्या पाण्यात काय झालं त्यावरून खड्याचं कूळ निम्मं तरी कळतं. उरलेलं निम्मं भिंगाखाली.

"खड्याचं पाणी वेगळं, खड्यासाठीचं पाणी वेगळं, अन् प्यायचं वेगळं," काका म्हणाले. "गफलत नाही झाली पाहिजे. समजलं का, कॉलेज?"

माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. 'कॉलेज' म्हणायचे.

दुपारी कोपऱ्यातल्या प्यायच्या पाण्याच्या कॅम्परपाशी गेले. तिथे चार स्टीलचे गिलास उपडे होते. एकाच्या बुडावर, काठाजवळ, लाल ठिपका होता.

"तो तुझा," काका म्हणाले. "केमिकलचा हात आहे तुझा. दुसऱ्याला विष नको लागायला."

"काका, केमिकलचा हात तर तुमचाही आहे ना?"

"मी चाळीस वर्षं झाली धुऊन राहिलो माझे हात."

वहिनीजी तेव्हा खोलीतच होत्या. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही.

मी त्या गिलासानं पाणी प्यायले. दोन वर्षं प्यायले. मला नोकरी हवी होती, आणि त्याहून जास्त ती सही हवी होती. काका त्या खुर्चीवरून उठल्याशिवाय ती मला मिळणार नव्हती.

आता काकांचं जे खरं ते सांगते. त्यांना पाणी सांभाळता यायचं. मी कॉलेजात जे शिकले नाही ते त्या खोलीत शिकले, त्यांच्या मनात नसताना, त्यांच्या हाताकडे बघून. भारी पाण्याला उजेड लागला की त्यातलं आयोडीन सुटतं आणि ते चहासारखं लालसर होत जातं, मग आतला खडा दिसेनासा होतो. म्हणून बाटल्या लाकडी पेटीत, पेटी कपाटात, आणि कपाटाच्या दाराला आतून काळं कापड. तरी रंग चढतोच. त्यासाठी काका प्रत्येक बाटलीत तांब्याच्या तारेचे बारके तुकडे टाकायचे. जळालेल्या मोटारीची वाइंडिंग आणायची, वरचं वार्निश जाळून काढायचं, तार घासून चकचकीत करायची आणि नखाएवढे तुकडे कापायचे. सुटलेलं आयोडीन तांबं खाऊन टाकतं. तुकडे काळे पडले की बदलायचे. मला आधी तो तांब्याच्या लोट्यासारखा काही घरगुती नेम वाटला होता आणि मी हसले होते. पुस्तकात शोधलं तर अगदी तेच लिहिलेलं. त्या दिवसापासून काकांच्या हातांवर मी कधी हसले नाही.

एका पाण्यातून काढलेला खडा दुसऱ्यात टाकण्याआधी ॲसिटोननं धुवायचा, पुसायचा, नाहीतर दोन्ही पाणी बिघडतात. मोती, फिरोजा, ओपल यांना या पाण्याजवळ आणायचंच नाही, ते पिऊन टाकतात आणि डागाळतात. पन्न्याला भेगा असतात म्हणून तो सोडायचा, बघायचा, लगेच काढायचा. सगळ्यात नाजूक काम हलक्या पाण्याचं. ते पातळ करून बनवलेलं असतं, आणि पातळ करणारं आधी उडतं. जबलपूरच्या मे महिन्यात तर टोपण दोनदा उघडलं तरी पाणी जड होतं. म्हणून त्यात कायम एक ओळखीचा स्फटिकाचा खडा ठेवलेला. काका त्याला साक्षीदार म्हणत. साक्षीदार मधोमध लटकत असेल तर पाणी बरोबर. वर आला तर दोन थेंब पातळ करणारं घालायचं, हलवायचं, पुन्हा बघायचं. दर सकाळी काका बाटली दिव्यासमोर धरत, मान हलवत आणि म्हणत, "साक्षीदार जागेवर."

बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. चिठ्ठ्या तपकिरी होऊन गळतात, असं काका म्हणत. त्याऐवजी टोपणावर ठिपके: हलक्याला एक, मधल्याला दोन, भारीला तीन. ॲसिटोनचा हात लागून ठिपके झिजत, म्हणून काका दर महिन्याला त्यांवर नवा थर चढवत. वर्षानुवर्षं थर बसून ते मसुरीच्या दाण्यांसारखे उंच झाले होते. मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "काका, खूण बाटलीच्या अंगावर पाहिजे, टोपणं बदलली तर?"

"टोपणं बदलायला इथे दुसरा हात लागला पाहिजे ना," ते म्हणाले. "लागतो का?"

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांनी बाटली दिव्यासमोर धरली, मान हलवली आणि म्हणाले, "साक्षीदार जागेवर." मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. स्फटिक पार वर आला होता, पाण्याच्या तोंडाशी चिकटून बसला होता.

 त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. पेटी उघडल्यावर त्यांची नजर समोर भिंतीवर असायची आणि अंगठा टोपणांवरून फिरायचा. एक, दोन, तीन. खडा पाण्यात सोडला की मान बाटलीकडे वाकवायचे, पण बघायला नाही. ऐकायला. बुडणारा खडा काचेच्या तळाला लागतो तेव्हा बारीक टिक् होतं. आवाज आला तर बुडाला, नाही आला तर तरंगला. पर्चीवर काय लिहायचं ते मला सांगायचे आणि सही कोपऱ्यावर बोट ठेवून करायचे. डोळे कधी गेले कोण जाणे. माणूस अंगठ्यावर आणि कानावर काम करत होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. ठिपके इतके उंच का, आणि दुसरा हात का नको, दोन्हीचा उलगडा झाला.

मग मीच सांभाळून घ्यायला लागले. काका दुपारी जेवायला घरी गेले की मी साक्षीदार बघायचे, दोन थेंब घालायचे, तांबं बदलायचे. आवाजावरून चुकलेली तपासणी पुन्हा करून, पर्ची खाली जाण्याआधी दुरुस्त करून ठेवायचे. काकांना हे माहीत होतं का? असणार. एकदा तांब्याचे नवे तुकडे बोटानं चाचपून म्हणाले, "कापले बरे आहेत कोणीतरी." बस, तेवढंच. गिलासावरचा ठिपका त्या महिन्यातही त्यांनी नव्यानं रंगवला.

मी हे किती वर्षं चालवलं असतं माहीत नाही. बाबा आले आणि संपलं.

बाबांना लॅब बघायची होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चपला खालीच काढून वर आले. मी नको म्हणत होते तरी काढल्याच. काकांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी पेटी उघडून दाखवली.

"हे सगळं तू सांभाळून राहिली?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हणणार तेवढ्यात काका म्हणाले, "बाटल्या धुते. धुण्यात हुशार आहे पोरगी."

बाबा हसले. त्यांना तो टोमणा कळला नाही, की कळून हसले, मी कधी विचारलं नाही.

"बसा, पाणी देतो," म्हणत काका स्वतः उठले. मला बरं वाटलं, क्षणभर. ते कॅम्परपाशी गेले, गिलासांच्या बुडांवरून अंगठा फिरवला. पहिला, दुसरा, तिसऱ्यावर थांबला. तोच भरून आणून त्यांनी बाबांच्या हातात दिला.

बाबांनी ठिपका पाहिला. चाळीस वर्षं फॅक्टरीत खुणा बघून सुटे भाग निवडलेला माणूस, त्याला खूण कशी दिसणार नाही? माझ्याकडे पाहिलं नाही. मान मागे टाकली, गिलास तोंडापासून वीतभर वर धरला आणि ओठ न लावता वरून पाणी ओतून घेतलं. सवय मोडली होती त्यांची. अर्धं पाणी हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर गेलं.

"पाहा कॉलेज," काका म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. "शिकलेली तू, पण रीत तुझ्या बाबांना माहीत आहे."

"थंड आहे पाणी," बाबा म्हणाले. "चांगलं थंड आहे."

खाली उतरून चपला घालताना ते इतकंच म्हणाले, "सही कधी देऊन राहिले तुला?"

"देतील, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी पोचले. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवला आणि तिन्ही टोपणं पुसून काढली. इतक्या वर्षांचे थर, निघता निघेनात. बोळ्यामागून बोळे लाल झाले. टोपणं कोरी झाल्यावर प्रत्येक बाटलीच्या अंगावर, कोर्समध्ये शिकवतात तशी, छापील चिठ्ठी लावली: २.६५, ३.०५, ३.३२. वर पारदर्शक टेप, म्हणजे डाग पडणार नाही. अक्षरं बारीक आणि स्वच्छ. मग बाटल्या पेटीत ठेवल्या, पण काकांच्या क्रमानं नाही. भारी पहिलं, हलकं शेवटी.

यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. कुठल्याही परीक्षकाला विचारा. मला नेमकं हेच हवं होतं, माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरायला नको.

गिलासावरचा ठिपका मी पुसला नाही.

अकराच्या सुमाराला विजय नगरच्या एक बाई आल्या. सासूच्या अंगठीतला हिरवा खडा, अंगठीतून काढून आणलेला. वहिनीजींच्या ओळखीच्या, म्हणून वहिनीजी स्वतः त्यांना घेऊन वर आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "भाऊजी, पन्ना आहे म्हणतात. पाहून घ्या जरा."

काकांनी पेटी उघडली. नजर भिंतीवर. अंगठा पहिल्या टोपणावर गेला, फिरला, थांबला. दुसऱ्यावर गेला. तिसऱ्यावर. परत पहिल्यावर. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला मला दिसला. पंखा चालू होता.

त्यांनी मान माझ्याकडे झुकवली आणि ओठ न हलवता म्हणाले, "हलकं कोणतं आहे व?"

दोन वर्षांत पहिल्यांदा ते मला काही मागत होते. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. बोटही कशाला, बाटली त्यांच्या हातात सरकवली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"लिहिलंय ना काका बाटलीवर," मी मोठ्यानं म्हणाले. "वाचा ना."

वहिनीजींनी मान वर केली.

काका हसले. "अरे हो, अच्छा, आता कॉलेजनं चिठ्ठ्या लावल्या आहेत," असं काहीतरी म्हणाले आणि पेटीतली पहिली बाटली उचलली. त्यांच्या हिशोबानं पहिली म्हणजे हलकं. टोपण काढलं, चिमट्यानं खडा सोडला, मान वाकवली.  टिक् झालं नाही.

पन्ना हलक्या पाण्यात बुडतो. बुडला नाही म्हणजे पन्ना नाही.

"काच आहे," काका म्हणाले. "माफ करा बाई. पन्ना नाही हा."

त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूनं मरताना दिलेला, म्हणून त्या काही सांगू लागल्या. मी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही भारी पाण्यात टाकलाय. त्यात खराही तरंगतोच."

 मी बाटली वहिनीजींसमोर ठेवली, चिठ्ठी त्यांच्याकडे करून. ३.३२. खडा काढला, ॲसिटोननं धुतला, पुसला, हलक्या पाण्यात सोडला. साक्षीदाराच्या शेजारून सरळ खाली गेला. टिक्.

"भाऊजी," वहिनीजी म्हणाल्या, "त्या बाटलीवर काय लिहिलंय?"

काका भिंतीकडे बघत राहिले.

"किती बोटं आहेत ही?" वहिनीजींनी हात त्यांच्या तोंडासमोर धरला. एका परक्या बाईसमोर, सत्तरीच्या माणसाला, पहिलीतल्या पोराला विचारावं तसं. मला ते थांबवता आलं असतं. मी खडा भिंगाखाली घेतला. त्यात खऱ्या पन्न्यात असतात तशा बागेसारख्या रेषा होत्या. अस्सल होता.

"तीन," काका म्हणाले. वहिनीजींनी पाचही बोटं उघडी धरली होती.

त्या दिवशी पर्चीवर सही मी केली. पूर्ण नाव, त्यापुढे एम.एस्सी. बाबांनी तिचा फोटो मागवून घेतला.

काकांचं पुढे काय झालं ते लांबण लावून सांगण्यासारखं नाही. ऑपरेशनला उशीर झाला होता, डॉक्टरांनी एका डोळ्याचं थोडंफार होईल म्हटलं, तेही झालं नाही. वहिनीजींनी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यात, लांबच्या पुतण्याकडे ठेवलं. "इथे जिने फार आहेत," असं सगळ्यांना सांगितलं. जिने आधीही तेवढेच होते. मला म्हणाल्या, "आता तुझ्यासाठी चांगला काचेचा गिलास आणू. तो जुना टाकून दे." काचेचा आला. जुना मी टाकला नाही, कॅम्परमागे ठेवला.

या मे महिन्यात काका आले. पुतण्याच्या सुनेनं खाली सोडलं, वरचे जिने एकटे भिंत धरून चढले. धापा टाकत दारात उभे राहिले. "पाण्याचा वास येऊन राहिला," म्हणाले. "तेच आहे ना अजून?"

"तेच आहे. बसा काका."

ते पेटीच्या बाजूच्या त्यांच्या खुर्चीकडे वळले. तिथे आता मी बसते. मी त्यांना गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवलं.

"घसा सुकला व. जरा पाणी दे."

मी कॅम्परमागून गिलास काढला, धुतला, भरला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाकडे नेला आणि अंगठा बुडाजवळ अडकला. तिथेच राहिला. मग हळूहळू त्या ठिपक्यावरून गोल फिरला, टोपणांवर फिरायचा तसा.

"हा..." ते म्हणाले.

"केमिकलचा हात आहे माझा, काका," मी म्हणाले. "दुसऱ्याला विष नको लागायला."

 बाहेर ऊन असं होतं की त्या जिन्यांनंतर पाणी न पिता उतरणं त्यांना शक्य नव्हतं. ते मलाही माहीत होतं, त्यांनाही. शेवटी त्यांनी मान मागे टाकली, गिलास वर धरला आणि ओठ न लावता ओतून घेऊ लागले. तोंड कुठे, गिलास कुठे. नाकावर गेलं, गळ्यावर गेलं, सदरा पोटापर्यंत भिजला. घोटभर आत गेलं असेल.

बाबा असे प्यायले ते दुसऱ्याच्या गिलासाला जपायला. काका असे प्यायले ते स्वतःला जपायला. तेवढा फरक मला दिसला. पुसायला टॉवेल समोरच होता, मी दिला नाही. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

"तांबं बदलून राहिली ना?" ओल्या हनुवटीनं त्यांनी विचारलं.

"दर महिन्याला."

"घासून?"

"घासून."

"बरं," म्हणाले, आणि गिलास पुढे केला. "अजून थोडं दे."

मी पुन्हा भरून दिला. त्याच गिलासात.

ते गेल्यावर गिलास धुतला. ठिपका एका बाजूनं उडाला होता. काकांचा खण आता माझा, नेलपॉलिश तिथेच होतं, घट्ट झालेलं. दोन थेंब ॲसिटोन घालून ते पातळ केलं, नीट हलवलं आणि ठिपक्यावर नवा थर दिला. वाळेपर्यंत गिलास उन्हात उपडा ठेवला.